पडद्यावरचा मुलगा वऱ्हाडी बोलला

सत्तरच्या दशकात नागपुरात आम्ही काही जण एक फिल्म सोसायटी चालवीत होतो. चित्रपटांच्या सरकारी संग्रहातून नावाजलेल्या जुन्या चित्रपटांची रिळे रेल्वेने येत आणि रविवारी सकाळी एका महाविद्यालयाच्या सभागृहात ती विनामूल्य दाखवली जात.

माझे लग्न नुकतेच झाले होते. पत्नी काटोलकडची, इंग्रजी शिकलेली; चित्रपटांची तिला विलक्षण ओढ. आमच्याकडे मात्र सुनेने सिनेमाला जाण्याची रीत नव्हती. आईने निकाल राखून ठेवला. "आधी मी येऊन पाहतो. चांगला असला तं जात जा. नाही तं विषय बंद."

त्या रविवारी आई आली, सोबतीला सुनेलाही घेऊन आली. चित्रपट परदेशी होता. खेड्यातल्या एका मुलाच्या वयात येण्याची ती कथा. संवाद खाली इंग्रजी अक्षरांत उमटत. आईला ते वाचता येत नसल्याने मी अर्थ सांगू लागलो. "मुलगा उदास आहे." काही वेळाने, "बाप रागावला."

"तो एवढा बोलून राहिला, अन् तू दोनच शब्द सांगतं काहून गा?"

तेव्हा पत्नीने काम हाती घेतले. पडद्यावरचा बाप तिच्या तोंडून कडाडला, "शाळेत नाही गेला तं ढोरं वळशीन!" मुलगा उत्तरला, "ढोरं मारत तं नाही मले!" पुढच्या रांगेतले लोक वळले. आता हे गप्प बसवणार, असे मला वाटले.

"वहिनी, जरा मोठ्यानं," एकजण म्हणाला.

पुढे नदीकाठी त्या मुलाने एका मुलीचे चुंबन घेतले. मी समोरच्या खुर्चीच्या पाठीवर नजर रोवली. विषय बंद होणार, हे उघड होते.

"कानात काही सांगून राहिला, आत्याबाई," पत्नी सासूला म्हणाली.

"कान तिकडं हाय वं," आई म्हणाली.

सभागृह हसले. मीही हसलो. हे माझ्याकडून क्वचित घडते.

अखेरीस मुलगा गाव सोडून गाडीत बसला आणि दिवे लागले. आई पदर सावरून बाहेर निघाली. निकाल विचारण्याचे धैर्य आम्हा दोघांनाही नव्हते. सायकलरिक्षात बसल्यावर तिने विचारले, "त्या पोराचं पुढं काय झालं?"

"सिनेमा तेवढाच होता, आत्याबाई."

"मंग पुढच्या रविवारी पाहू."

पुढच्या रविवारचा चित्रपट वेगळा आहे, देशही वेगळा आहे, असे मी स्पष्ट केले.

"असू दे," आई म्हणाली. "तिकडंही पोरं मोठे होतच असतीन. जाऊ."