जिवलीची चिलटं

टोकावड्याच्या वर, डोंगरातल्या पाड्यावर जिवलीचं अख्खं आयुष्य अळंबी काढण्यात गेलं. कुठल्या वारुळावर कधी उगवते, कुठली खाल्ली की माणूस आडवा होतो, हे ती डोळे मिटून सांगे. माणसांबद्दल तिचं मत तसं वाईटच होतं. डॉक्टर शेखर आल्यावर ते आणखी घसरलं.

हे डॉक्टर सुई टोचणारे नव्हेत, चिलटांचे. अळंबीवर वाढणाऱ्या चिलटांची नवी जात शोधायला ते शहरातून माथ्यावर आले, जाळीचा पांढरा तंबू ठोकला आणि आठवडाभर त्यात घरमाश्या जमवत बसले. जिवलीला बघवेना.

"तंबूत काय गावनार? चिलटं येतात कुठून ते बघा की!"

डॉक्टर हसले. भाव पाडायच्या आधी बाजारातलं गिऱ्हाईक हसतं, तसं. तिला ते हसू चांगलं ठाऊक होतं. तरी दुसऱ्या दिवशी तीच त्यांना ओढ्यावर घेऊन गेली. तिथं जांभळाचं एक पडलेलं खोड होतं. खोडाला कडक अळंबी, अळंबीखाली चिकट धागे, धाग्यांत इवल्या अळ्या. डॉक्टर चिखलात गुडघ्यांवर बसले. भिंग डोळ्याला लावून ते एकेक धागा निरखू लागले.

"मावशी, नवी जात दिसतेय! पण अळीवरून सिद्ध होत नाही. नर चिलट हवं. त्याच्या शेपटाकडची ठेवण पाहिल्याशिवाय नाव देता येत नाही. माझ्या सरांचं नाव द्यायचंय."

"मंग बसा हितं. चार दिसांत उडतील."

बसायला फुरसत कुणाला? डॉक्टरांनी सुरी काढली आणि खोड सोलून सगळी अळंबी गोणीत भरली.

"सगळी नका नेऊ. शेवटची एक मागं ठेवायची रीत हाय आमची. बियाला."

"मावशी, हे विज्ञान आहे. यात रीतभात नसते."

एवढं शिकून ही अक्कल! जिवलीला किळस आली. डॉक्टर तंबू उतरवायला गेले तशी तिनं गोणीतून तळहाताएवढा तुकडा काढला, वीस पावलांवरच्या कुजक्या ओंडक्याखाली खोचला आणि वर ओला पाला ओढला.

वर्षानं डॉक्टर परतले ते तोंड पाडून. प्रयोगशाळेच्या गार हवेत अळ्या वाळून गेल्या होत्या. एकच चिलट निघालं, तेही मादी. नर नाही, म्हणून नाव नाही. सरांना मात्र नावाचं आधीच सांगून बसले होते.

"मावशी, फक्त एक नर. तुमच्या पाया पडतो. कुठं असतील?"

जिवलीनं त्यांना ओढ्यावर नेलं. सोललेलं खोड कोरडं ठाक पडलं होतं.

"हितंच व्हती. तुमी नेलीत."

डॉक्टर खोडावर मटकन बसले. थोडी दया तिलाही आली, नाही असं नाही. पण त्यांनी खिशातून पुन्हा तीच सुरी काढली आणि उरलेली साल खरवडायला घेतली, तेव्हा ती दयाही सरली.

"चला, उतरा आता," ती म्हणाली आणि पुढं निघाली. वाट कुजक्या ओंडक्यावरूनच जात होती. कालच तिनं पाला उचलून पाहिलं होतं, तेव्हा नाकाशी चिलटांचा थवा उठला होता. आज तिनं तिकडं मानही वळवली नाही. नाव नव्हतं म्हणून त्या चिलटांचं काही अडलं नव्हतं.