नव्वद गोळ्या

पाच जूनला मावशींचं हिमोग्लोबिन सात पूर्णांक आठ भरलं. दवाखान्यात डॉक्टरबाई, आमच्याकडे पोळ्या करणाऱ्या मावशी आणि मी असे तिघे होतो. हिमोग्लोबिन दहाच्या वर गेल्याशिवाय गर्भाशयाचं ऑपरेशन नाही, असं सांगून बाईंनी लोहाच्या नव्वद गोळ्या लिहून दिल्या.

शनिवार पेठेतल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर येताना मावशी दोनदा थांबत. दम लागला असं मात्र म्हणत नसत. "पायऱ्या वाढवल्यात का दादा?" असं विचारत. पोळ्या झाल्या की बशीत ओतून चहा घेत आणि कप धुऊन उपडा ठेवत.

"इथे चहाबरोबरच गोळी घेत जा," मी सांगितलं. "माझ्यासमोर चुकणार नाही."

गोळ्या मी माझ्याकडे ठेवल्या आणि कॅलेंडरवर रोज खूण केली. "लावा हजेरी," म्हणत त्या गोळी गिळत. नव्वदातली एकही चुकली नाही.

चार सप्टेंबरला पुन्हा रक्त तपासलं. सात पूर्णांक नऊ.

"गोळी कशाबरोबर घेता?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"चहाबरोबर."

"अहो, चहाबरोबर घेतलेलं लोह अंगी लागत नाही. कोणी सांगितलं होतं तुम्हाला?"

मावशींनी माझ्याकडे बघितलंही नाही. पदराने कपाळ पुसत म्हणाल्या, "कोणी नाही बाई. माझं मीच."

ऑपरेशन आणखी तीन महिने पुढे गेलं. बाईंना दाखवायला नेलेली कॅलेंडरची पानं माझ्या खिशातच राहिली.