थंडी हवी, दव नको

आमच्या मळ्यात भात कापून झालं की आई चवळी घालायची. जमिनीतली उरलीसुरली ओल आणि पहाटेचं दव, एवढ्यावर ते पीक निघायचं. थंडी नीट पडली की तणही अंग आखडून बसतं आणि कीड फार वळवळत नाही. ऐंशी सालानंतरच्या ज्या हिवाळ्याबद्दल मी सांगतोय, त्याला मात्र तो हिवाळा आहे हे कुणी कळवलंच नव्हतं. मार्गशीर्ष निम्मा झाला तरी आभाळ ढगाळ, हवा कोंदट. गवत चवळीच्या डोक्यावर चढलं आणि शेंड्याशेंड्यावर काळा मावा बसला.

आई घाबरली. ही चवळी तिने लग्नात धामापूरच्या तळ्याकडच्या माहेराहून आणलेली. माहेरच्यांनी मळ्यात काजू लावून चवळी कधीच सोडून दिली होती. त्यात त्या वर्षीच्या पावसात घरच्या बियाण्याच्या मडक्याला ओल लागून बियात भुंगा झाला. निवडून उरलं ते सगळं बी तिने पेरून टाकलं होतं. आता मळ्यातली चवळी गेली तर ते बी जगात कुठे मिळणार नव्हतं.

उपाय दोन. एक आईचा: पहाटे पानं दवाने ओली असताना चुलीची राख धुरळायची. ओल्या पानाला ती चिकटते आणि मावा हटतो. पण ढगांमुळे दवच नव्हतं, राख सरळ खाली घसरायची. दुसरा उपाय बाबांचा: देवळात नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं.

मी तेव्हा गावच्याच शाळेत मास्तर होतो. निरभ्र रात्री जमीन गार झाली की दव पडतं, हे मी त्याच आठवड्यात मुलांना फळ्यावर आकृती काढून शिकवलं होतं. तरीही बाबांबरोबर देवळात गेलो. शास्त्र शाळेत, गाऱ्हाणं देवळात, अशी आम्हा शिकलेल्यांची सोय असते.

देवळात आमच्या आधी आंबेवाल्यांचा नारळ. त्यांच्या कलमांची बाग आमच्या मळ्याला लागून. त्यांनाही थंडी हवी होती, मोहोर यायला. पण आलेला मोहोर दवाने करपतो, म्हणून दव नको होतं. गाऱ्हाणं घालणाऱ्या मानकऱ्यांनी डोळे मिटून सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा, तुझ्या ह्या लेकराच्या कलमांक मोहर येवचो आसा. थंडी पडांदे, पण दवाचो एक थेंबय पडाक देव नको!"

"व्हय म्हाराजा!" सगळं देऊळ गरजलं. बाबाही गरजले.

मग आमचा नारळ. "ह्या दुसऱ्या लेकराच्या चवळीक मावो लागलो आसा. थंडी पडांदे, नि दव पानापानार साचांदे!"

"व्हय म्हाराजा!" त्याच लोकांनी तेवढ्याच जोराने सांगितलं. आंबेवाल्यांचा आवाज तर सगळ्यांत वर होता. गाऱ्हाण्यात काय मागितलंय ते ऐकायचं नसतं, फक्त शेवट आला की होकार भरायचा असतो. देवाने शहाण्या साहेबासारखे दोन्ही अर्ज बाजूला ठेवले आणि ढग तसेच राहू दिले.

प्रसादाचं खोबरं घेऊन आम्ही घरी पोचेपर्यंत शेजारणीने आईला सगळं सांगून ठेवलं होतं.

"दव नको म्हटल्यार तुमी व्हय म्हणान इलात?"

"अगो, सगळे म्हणी होते. माज्या तोंडातसून पण गेला."

आई माझ्याकडे वळली. "आणि तू खंय होतंस?"

"मी भायर, चपलो राखत होतंय," मी म्हणालो.

आईने आंब्याची एक डहाळी तोडून बाबांच्या हातात दिली. "आता तुमीच दव पाडा."

दुसऱ्या दिवसापासून बाबा दव झाले. पहाटे उठून विहिरीवरून कळशी भरून आणायची आणि डहाळी बुडवून सरीसरीने शिंपडत जायचं. मागून आई फडक्याच्या पुरचुंडीतून राख झाडत यायची. मी राखेचं टोपलं धरून बांधावर उभा. वर शहाणपणाने सांगायचो, "बाबा, आधी ऐकायचं, मग व्हय म्हणायचं." येणारेजाणारे हसायचे. बाबांना खोकला लागला, तरी ते डहाळी बुडवून शिंपडत राहिले.

पौषात एकदाचं आभाळ निवळलं. थंडी पडली आणि ती आली ती दव घेऊनच. आंबेवाल्यांचा थोडा मोहोर करपला. त्यांनी आमच्या नारळाला दोष दिला. निम्मी चवळी गेली, निम्मी वाचली. तिच्या शेंगा सोलून एक लहान मडकं बी निघालं. आई ते मांडीवर घेऊन बराच वेळ बसली होती. तिला इतकं सुखावलेलं मी क्वचितच पाहिलं. बियाला पुन्हा भुंगा लागू नये म्हणून मडक्यात घालायला राख मात्र घरात उरली नव्हती. ती आंबेवाल्यांच्या चुलीतून मागून आणली.

मडकं माळ्यावर ठेवायला बाबा शिडीवर चढले. मी खालून शिडी धरली होती. आई आत गेली आहे हे त्यांनी आधी वळून पाहिलं, मग खाली वाकून हळूच म्हणाले, "चपलो राखताना तुझो आवाज माज्या कानात बरो मोठो लागललो रे."

मी शिडी घट्ट धरून मान खाली घातली. बाबांनी हे आईला कधीच सांगितलं नाही. मीही नाही.