अनवरीच्या घरातून दिसणारा डोंगर

तिसऱ्या मजल्यावर राहायला आल्यावर धोंडाबाई केदारेला पहिला प्रश्न पडला तो असा, की खालच्या माणसांच्या डोक्यावर आपण पाय कसा ठेवायचा. चांदवडकडच्या तिच्या गावात एकावर एक रचायच्या त्या फक्त कांद्याच्या गोण्या. पहिले आठ दिवस ती घरात मांजरीसारखी चालली. शेवटी खालच्या बाईने सुनेला जिन्यात विचारलं, वर कुणी आजारी आहे का, पावलंच वाजत नाहीत. मग ती मोकळी चालू लागली, आणि खालच्या बाईने पुन्हा काही विचारलं नाही.

मुलगा कारभारी एकलहऱ्याला थर्मल वीजकेंद्रात पाळीवर जायचा. ब्याऐंशी साली त्याने हा फ्लॅट घेतला तो हवेसाठी नाही की पाण्यासाठी नाही. गॅलरीतून लेण्यांचा डोंगर दिसतो म्हणून घेतला. नवरा होता तोवर धोंडाबाई दर पौर्णिमेला त्याच्याबरोबर लेणी चढायची. पुढे नवरा गेला, त्यामागून गुडघे गेले. तेव्हा कारभारी म्हणाला, तुला डोंगराकडे जाता येत नाही ना, मग डोंगरालाच घरी आणू.

तसा तो आला. रोज सकाळी आंघोळ उरकून, धुतलेलं पांढरं लुगडं नेसून ती गॅलरीत उभी राहायची, हात जोडायची, तीनदा ‘बुद्धं सरणं’ म्हणायची. डोंगर जागेवर आहे हे बघूनच चहाला बसायची. सून लताबाई कधी हसून म्हणायची, आत्या, तो कुठं जाणार? धोंडाबाई म्हणायची, बघितलेलं बरं असतं.

डोंगर गेला नाही. समोर इमारत आली. पुढच्या मोकळ्या जागेत चौऱ्याऐंशी साली खड्डे पडले आणि डोंगर हप्त्याहप्त्याने बुडू लागला. एका स्लॅबला पायथा गेला, दुसऱ्याला कंबर, तिसऱ्याला लेण्यांची काळी तोंडं, चौथ्याला माथा. बिल्डरने इमारतीला नाव दिलं ‘गिरीदर्शन’. नाव खोटं नव्हतं. दर्शन मागच्या बाजूला होतं, एवढंच. आपल्या इमारतीला गच्ची होती, पण मुलं टाकीत डोकावतात म्हणून सेक्रेटरीने तिला कुलूप घातलेलं होतं, आणि कुलूप नसतं तरी वर दोन जिने होतेच.

दोन इमारतींमध्ये अंतर असं, की इकडच्या फोडणीचा ठसका तिकडे लागे. माणसं हळूहळू शिकली. समोरचं दिसतं, पण पाहायचं नाही. भांडण ऐकू येतं, पण जिन्यात भेटल्यावर विचारायचं नाही. कुणी अंग पुसत असलं की समोरच्याने आकाशाकडे बघायचं. त्या वर्षी आमच्या नगरात आकाशाकडे बघणारी माणसं फार वाढली. परक्याला वाटावं, सगळी वस्ती पावसाची वाट पाहते आहे.

समोरच्या तिसऱ्या मजल्यावर अन्सार आणि अनवरी राहायला आले. अन्सार देवळाली कॅम्पात फौजींच्या वर्द्या शिवायचा. त्यांची पुढची खिडकी केदाऱ्यांच्या गॅलरीसमोर, खिडकीच्या रेषेत आतलं दार, दाराच्या रेषेत मागची गॅलरी. सकाळी वाऱ्यासाठी अनवरीने सगळं सताड उघडलं, आणि धोंडाबाईला त्या घरातून आरपार, पाटाएवढा, डोंगर दिसला. मधल्या भागातली दोन काळी तोंडंसुद्धा दिसली. तिने तिथल्या तिथे हात जोडले.

आता त्याच वेळी मागच्या गॅलरीत अन्सार दात घासत उभा असायचा. लुंगी, बनियन, तोंडात फेस. समोरची एक म्हातारी पांढरं लुगडं नेसून आपल्याला मनोभावे हात जोडते आहे, हे त्याने पहिल्या दिवशी पाहिलं तेव्हा तो मागे वळून आला आणि बायकोला म्हणाला, शेजार चांगला दिसतो. दुसऱ्या दिवशी त्याने मान लववली. चौथ्या दिवशी, पंधरा वर्षं फौजींच्या सहवासात काढलेला माणूस, त्याने ब्रश डाव्या हातात घेतला आणि उजव्याने कडक सलाम ठोकला. धोंडाबाईला वाटलं, भला माणूस आहे, डोंगराला सलाम करतो.

हे दीड महिना चाललं. अन्सार बनियनवर सदरा घालून दात घासू लागला. मग भांगही पाडू लागला. तेव्हा अनवरीने एका सकाळी शांतपणे विचारलं, की ही कोण म्हातारी आहे आणि तुमची तिची एवढी ओळख कुठली. त्याच दुपारी खिडकीला पडदा लागला. जाड, हिरवा, त्यावर ताटाएवढी पिवळी फुलं.

धोंडाबाई दुसऱ्या दिवशी आंघोळ करून आली आणि फुलांसमोर उभी राहिली. हात जोडावेत की नाही, कळेना. न जोडताच ती आत गेली. चहा प्याली, पण बशीत अर्धा राहिला. तिसऱ्या दिवशी ती गॅलरीत आलीच नाही. जेवणही कमी झालं. कारभारीने ओळखलं, पण ओळखून करायचं काय? परक्या बाईच्या दाराशी जाऊन ‘पडदा उघडा ठेवा, आम्हाला आत बघायचंय’ असं कुठल्या तोंडाने म्हणायचं? त्याने वाक्य निरनिराळ्या प्रकारे जुळवून पाहिलं. प्रत्येक प्रकाराने मारच खाण्याची लक्षणं होती.

“तू जाऊ नको,” धोंडाबाई म्हणाली. “बाईमाणसाला पडदा काढ म्हणायला बाप्यानं जायचं नसतं.”

एके दिवशी कारभारी पहिल्या पाळीला गेल्यावर तिने काठी घेतली. लताबाई बरोबर निघाली तर तिला परतवलं. खाली उन्हात बसते म्हणाली. बेचाळीस पायऱ्या उतरायला पाऊण तास लागला. मग ‘गिरीदर्शन’च्या बेचाळीस चढायला त्याहून जास्त. प्रत्येक वळणावर ती बसली आणि प्रत्येक मजल्यावर तिला कुणीतरी पाणी दिलं, त्यामुळे दारात पोचेस्तोवर तिचं पोट भरलेलं होतं.

अनवरीने दार उघडलं आणि पदर सारखा करत तशीच उभी राहिली.

“बाई, पडद्याचं बोलायला आले,” धोंडाबाई धापा टाकत म्हणाली. “मी तुझ्या घरात नाय बघत. मी डोंगर बघते. डोंगर तुझ्या घरामागं हाय, त्याला मी काय करू?”

“आणि आमचे हे?”

“तुझा नवरा मधी येतो. मला वाटलं, तोबी डोंगरालाच सलाम करतो.”

अनवरीने तोंडाला पदर लावला. आधी खांदे हलले, मग ती खाटेवर बसूनच हसली. हसणं ओसरल्यावर तिने म्हातारीला हाताला धरून मागच्या गॅलरीत नेलं. डोंगर तिथे पाटाएवढा नव्हता. आख्खा होता, एका अंगावर ऊन घेतलेला. धोंडाबाईने सरणं म्हटली.

“मी पडदा सकाळी तासभर बाजूला करत जाईन, आजी,” अनवरी मग म्हणाली. “यांना लवकर उठवते. तुम्ही इतक्या पायऱ्या चढू नका.”

काम झालं होतं. धोंडाबाई पुढच्या खोलीत विसाव्याला बसली. अनवरीने दाखवायला म्हणून पडदा सारला, आणि धोंडाबाईला बारा हातांवर आपलं स्वतःचं घर दिसलं.

तिची खाट दिसली. खाटेवर लताबाई होती. केस मोकळे, पाय लांब सोडलेले, हातात काहीच नाही. निवडणं नाही, टिपणं नाही. मानेखाली धोंडाबाईची उशी, नजर छताकडे, आणि पायाची बोटं कुठल्यातरी गाण्यावर हलत होती. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. अकरा वर्षांत धोंडाबाईने सुनेला अशी निवांत पडलेली पाहिली नव्हती. हाक मारायला तिने तोंड उघडलं होतं. ते तिने मिटलं.

“काय झालं?” अनवरीने विचारलं.

“पडदा सोड.”

पडदा खाली आला. पिवळी फुलं पुन्हा जागेवर बसली.

“तो राहू दे तसाच, तुझं घर हाय,” धोंडाबाई म्हणाली. “मीच येत जाईन. मंगळवारी अन् शुक्रवारी. रोज नाय जमायचं, गुडघे बोंबलतील.”

“पण आजी, त्या पायऱ्या...”

“असू दे. डोंगराला यापेक्षा जास्त होत्या.”

अनवरी चहाचं आधण ठेवायला उठली. धोंडाबाईने काठी भिंतीला टेकवली, पाय खाटेवर घेतले आणि म्हणाली, घाई करू नको बाई, दूध सावकाश तापू दे.