चुलीपाशीचा मान

आमच्या संस्थेत कुणी साहेब नाही. धाराशिवच्या ऑफिसात सगळे सतरंजीवर बसतात, जेवल्यावर आपापलं ताट आपण घासतात, आणि संस्था उभी करणाऱ्या बाईंना सगळे नुसतं ताई म्हणतात. नवीन आलेल्याला हे लई भारी वाटतं. मलाही वाटलं होतं. पुढं कळलं, की कुणी कुठं बसायचं हे ठरलेलं नसलं तरी कुणी कुठल्या गावाला जायचं हे ताईच ठरवतात, आणि तिथं कुणाचं काही चालत नाही.

आमचं काम शेतकरी बायकांचं. घरच्या रानातला एक एकर तुकडा बाईनं आपल्या मनानं पिकवायचा, घराला खायला लागेल ते लावायचं, औषध फवारायचं नाही. काम चांगलं आहे, त्यात मी आजही खोट काढणार नाही. पण मी बौद्ध. त्यामुळं बौद्ध वस्ती म्हटली की माझं नाव. लोहाऱ्याकडची वस्ती माझी, परंड्याकडची माझी. ताई म्हणायच्या, "तुझ्या माणसांत तू पटकन मिसळतेस गं." मिसळते, खरंय. पण आमच्या वस्तीत बहुतेकांची जमीन गुंठ्यात, एकर आणायचा कुठून? बाकीच्यांची गावं हिरवीगार आणि माझी गावं कायम मागं. मी घरी येऊन भांडी आदळायचे. ताईंना मात्र एक शब्द बोलायचे नाही. माझ्या बाळंतपणात ही बाई स्वतः दवाखान्यात बाकड्यावर बसून होती. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

मग पर्यवेक्षिकेची जागा निघाली. दहा-पंधरा गावं, तिथल्या कार्यकर्त्या, सगळं एकीनं बघायचं. बैठकीत मी हात वर केला आणि म्हणाले, मला पाहिजे. सगळे माझ्याकडं बघायला लागले, कारण आमच्याकडं असं कुणी मागत नाही. दुसऱ्यानं सुचवायचं आणि आपण नको-नको म्हणायचं अशी रीत आहे. ताईंनी गावांची यादी काढली. मग म्हणाल्या, "तेरच्या पुढचं ते मोठं गाव घे. तिथलं बायकांचं मंडळ थंड पडलंय. तीन महिन्यांत उठवून दाखव, जागा तुझी."

मोठं गाव म्हणजे मराठ्यांचं गाव. मला नोकरीत पहिल्यांदाच असं गाव मिळत होतं. आदल्या दिवशी मी साडी तीनदा बदलली.

हुरड्याचे दिवस होते. मंडळाची अध्यक्षीण, साठीतली, आवाज असा की पलीकडच्या शिवारातला बैल थांबावा. गाव तिला काकू म्हणतं, मीही म्हणायला लागले. काकू मला वेशीपासून घेऊन गेली ती थेट घरात. मी सवयीनं ओसरीवर टेकायला लागले तर माझा दंड धरला. "हितं न्हाय, आत या. चुलीपाशी बसा." चुलीपाशी पाट मांडलेला. तव्यावरची भाकरी थेट माझ्या ताटात, वर लोण्याचा गोळा. मी पुरे म्हणत होते, ती वाढत होती, आणि दारात उभ्या बाया हसत होत्या. माझे डोळे भरून आले. पदरानं पुसलेसुद्धा, त्यांच्यासमोर.

परतीच्या जीपमध्ये बसल्या बसल्या आईला फोन लावला. माझ्या आईचा जन्म दुसऱ्याच्या रानात खुरपण्यात गेला. मालकिणीनं वरून ओतलेलं पाणी ओंजळीनं प्यायली ती, आणि उंबऱ्याच्या आत तिला कुणी कधी बोलावलं नाही. मी सगळं सांगितलं. पाट सांगितला, लोणी सांगितलं, आणि जरा तिखटमीठही लावलं. आईनं ते लोण्याचं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "खरं सांगतीस?" जीपमधली माणसं वळून बघत होती, मी ओरडून म्हणाले, "अगं खरंच!"

त्यानंतर मी त्या गावात जीव ओतला. रोज पहिली बस, रानात बायांबरोबर वाफे, मेथी, शेपू, कोथिंबीर. मंडळ उठलं. बाया आपण होऊन बैठकीला यायला लागल्या. मला वाटलं, जागा आपली झाली.

ज्वारीच्या काढणीत एक दिवस गेले तर काकूच्या एकरात तिच्या नवऱ्यानं औषध फवारून ठेवलेलं. वास नाकात गेला आणि माझं डोकंच फिरलं. मी बायांसमोर काकूला नाही नाही ते बोलले. अध्यक्ष म्हणवता आणि नवऱ्यापुढं मान खाली घालता, असंही बोलले. काकू कसली ऐकून घेते!

"ओ मॅडम, डाफरायचं काम न्हाय. ह्यांनी माज्या माघारी फवारलं, त्येला म्या काय करू? ताईंना दिलेला सबूद म्या पाळलाय."

"कसला शब्द?"

"आँ? तुमाला ठावं न्हाय व्हय?" काकूचा आवाज एकदम उतरला. मग तिनं अगदी सरळ मनानं सांगितलं, वर जरा अभिमानानंच. "तुमी यायच्या आदी ताईंचा फोन आलता. म्हणल्या, बाई बौद्धाची हाय, काम लई चांगलं करती, तुमची कुणाची हरकत न्हाय न्हवं? म्या म्हणलं, कशाची हरकत? मंग म्हणल्या, तिला परकं वाटू दिऊ नका. घरात घ्या, चुलीपाशी बसवा, आपल्या हातानं वाढा."

काकूची सून पेंढ्या बांधत होती. ती खाली बघूनच म्हणाली, "खरं सांगू का, फोन येईस्तोवर तुमची जात आमी कुणी इचारलीच नव्हती."

लाज वाटायला पाहिजे होती ताईंना. वाटली मला. भर उन्हात, सगळ्या बायांमध्ये, अंगावरचं कुणी ओढून घ्यावं तशी. मी पदरानं डोळे पुसले ते ह्या सगळ्यांनी बघितलं होतं. त्यांना माहीत होतं मी कशानं रडतेय, आणि तो मान ताईंनी सांगून करवलेला होता. तरी मी विचारलंच, "काकू, फोन आला नसता तर मला कुठं बसवलं असतं?"

काकूनं खरंच विचार केला. "वसरीवर, की. समद्यास्नी बसवतो तसं. ताई आल्या तरी वसरीवरच बसत्यात."

म्हणजे ओसरीच माझी बरोबरीची जागा होती. आणि मी चुलीपाशी बसून फुगले होते.

त्याच दिवशी ऑफिस गाठलं. ताई एकट्याच होत्या. म्हटलं, "तुम्ही गावाला माझी जात सांगून परवानगी मागितलीत?"

"परवानगी नाही गं. तुझा अपमान होऊ नये म्हणून. तुझ्यासाठीच केलं मी."

"दुसऱ्या कुणासाठी केला होतात का असा फोन? आत्तापर्यंत इतक्या जणी इतक्या गावांना गेल्या."

ताई एकदम रडायलाच लागल्या. हमसून हमसून. माझं सगळं आयुष्य ह्यात गेलं, म्हणाल्या, आणि तू मला असं विचारतेस. आवाज ऐकून बाकीचे आत आले. त्यांनी ताईंकडं बघितलं, मग माझ्याकडं, जणू मी म्हातारीला मारलंय. कुणीतरी पाणी आणलं. आणि मी काय केलं? मी ताईंच्या पाठीवरून हात फिरवला. "रडू नका ताई, माझंच चुकलं," म्हणाले. माझ्या तोंडातून हेच निघालं, ह्याचा राग मला अजून येतो.

पुढच्याच बैठकीत ताईंनी जाहीर केलं, पर्यवेक्षिकेची जागा माझी. तीन महिने अजून भरले नव्हते. मंडळाचा शब्दही निघाला नाही. टाळ्या वाजल्या, पेढे आले, आणि एकजण कानाशी येऊन म्हणाली, "बरं झालं बाई, त्या दिवशी बोललीस म्हणून तरी मिळाली." मी पेढा तोंडात धरून हसले. मेथीचे ते वाफे, त्या बस, ते खेटे, सगळं एका फटक्यात बाजूला पडलं. जागा मला कामावर मिळाली का ताईंच्या रडण्यावर, हे आता मलाही सांगता येत नाही. दुसऱ्या कुणाला काय पटवून देऊ?

काकूवर माझा राग नाही. त्या गावाला मी अजून जाते. ओसरीवर बसते, आत बोलावलं तरी उठत नाही. पहिल्यांदा काकूला वाईट वाटलं, आता तिनंही सोडून दिलंय.

आईला ह्यातलं काही सांगितलेलं नाही. जागा मिळाली म्हटल्यावर तिनं गल्लीभर सांगितलं, पाट आणि लोण्यासकट. परवा तिनं ट्रंकेतली जरीकाठाची साडी काढून उन्हात टाकली. मी विचारलं, लग्न कुणाचं? तर म्हणाली, "लगीन कशाचं? मला तुज्या त्या गावाला यकदा घिऊन चल. त्या बाईच्या चुलीपाशी मला बी बसायचंय. जल्मात यकदा."

मी मान वर केली नाही. म्हटलं, "सध्या नको, त्यांच्यात सुतक आहे." धडधडीत खोटं.

आईनं साडीची घडी घातली. "बरं," म्हणाली, "फिटलं की सांग."