पायऱ्या किती?

माझ्या एम.ए.च्या प्रबंधातला आमच्या गावच्या बारवेवरचा, नोंद म्हणून पाठवलेला भाग विश्वकोशाच्या संपादकांनी "हा निबंध झालाय, नोंद नाही" म्हणून परत पाठवला होता. जाफराबादच्या एसटीत मी तोच पुटपुटत होतो, "ही वैभवशाली बारव गावाची शान आहे."

शेजारच्या अनोळखी म्हाताऱ्या बाईंनी अंगठा बोटाच्या पेरावर ठेवून विचारलं, "पायऱ्या किती हायत, बाबा?"

मी हातातली पानं चाळली; आकडा कुठंच नव्हता.

"घागर घेऊन चढला असता तर बराबर मोजल्या असत्या. ज्यानं बारव पाह्यलीच न्हाई, त्याला शान सांगून काय दिसंल?"

दुसऱ्या दिवशी मी पहिल्यांदाच बारवेच्या तळापर्यंत उतरलो. आता नोंद पायऱ्यांच्या संख्येनंच सुरू होते. विश्वकोशाच्या नोंदीत आभार मानायची सोय नसते, म्हणून त्या बाईंचे ते इथं मानतो.