शेवटी पोचलेले नाना

नाना चहा चालत प्यायचे. टपरीवरून कप उचलला की वडाच्या पारापर्यंत जायचे, तिथून वळून परत. कुणी म्हणालं, "नाना, बसा की जरा," तर उत्तर ठरलेलं होतं. "थांबनं का वझं वाढस." थांबलं की ओझं वाढतं. हातात चहाच्या कपाशिवाय काही नसायचं, तरीही.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. अंग एखाद्या कामाला इतकं लागतं की काम सुटलं तरी अंगातून सुटत नाही. नाना शिरपूरकडचे. अर्धं आयुष्य यावलच्या केळीच्या बागांत कापणीच्या टोळीबरोबर काढलं. कापलेला घड खांद्यावर घ्यायचा आणि बागेतून ट्रकपर्यंत जवळजवळ पळतच जायचं. मध्ये उभं राहिलं की घड जड होतो आणि मागची सगळी रांग अडते. मग एका हंगामात खांदा गेला. डॉक्टरांनी वजन उचलायला मनाई केली आणि मुकादमाने टोळीत घेणं बंद केलं. घरी बसणं हा प्रकार नानांना जमणारच नव्हता.

त्याच सुमारास जंगलातल्या पायवाटांसाठी गाईड तयार करायचं प्रशिक्षण निघालं. परीक्षा पास झालं की ओळखपत्र मिळणार. ते गळ्यात असेल त्यालाच पाहुणे घेऊन गेटच्या आत जाता येणार. नानांनी नाव दिलं. मीही दिलं.

माझं सांगायचं तर मी परभणीकडची. आठवीत शाळा सुटली. लग्न झालं आणि इकडे आले. नवरा केळीच्या ट्रकवर, दिल्लीला गेला की आठवडा आठवडा येत नाही. मी पॅकिंगला केळी धुवायला जात होते. आमच्याकडे चढ म्हणजे विहिरीचा काठ, तेवढाच. सातपुडा पहिल्यांदा जवळून पाहिला तेव्हा वाटलं, आपण उगाच नाव दिलं. वर्गात सगळी बारावी झालेली, कॉलेजची मुलं. मी मागच्या कोपऱ्यात बसायचे. नाना तर बसायचेच नाहीत, दाराशी येरझाऱ्या घालत ऐकायचे.

पक्ष्यांची नावं त्यांना शेवटपर्यंत आली नाहीत. सर चित्र दाखवून विचारायचे, "नाना, हा कोणता?"

"पाखरू शे."

"ते दिसतंय. पण कोणतं?"

"उडनारं."

वर्ग हसायचा. नानाही हसायचे. हसण्याचं त्यांना काही वाटत नसे.

खरी पंचाईत झाली सराव परीक्षेत. प्रत्येकाने एकदा पुढे होऊन सगळ्यांना टेकडीवर न्यायचं होतं. नानांची पाळी आली. ते निघाले आणि पहिल्याच वळणाला दिसेनासे झाले. आम्ही फाटा चुकलो, ओढ्यात उतरलो, काट्यांत शिरलो. धापा टाकत वर पोचलो तर नाना तिथे एकटेच फेऱ्या मारत होते. "येतीन बठ्ठा," असं स्वतःशीच म्हणत होते. सगळे येतील.

सर रागावले नाहीत, पण शांतपणे म्हणाले, "नाना, तुम्ही केळी पोचवायला आला नाहीत. खऱ्या परीक्षेत असं झालं तर ओळखपत्र नाही. मला काही करता येणार नाही."

त्या दिवशी नानांनी चहा घेतला नाही. मला वाटलं, सोडून जातील. दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. वर्गात सगळ्यांत हळू चालणारी मीच होते.

"माय, तू पुढे चाल. मी तुना मांगे येस."

रोज वर्गाआधी आम्ही कच्च्या रस्त्याने चढायला लागलो. मी पुढे, नाना मागे. पहिले काही दिवस त्यांचे पाय माझ्या चपलेवर पडत होते. टाचेला फोड आले. दर वेळी "चुकनं, माय" म्हणायचे आणि पुढच्या पावलाला पुन्हा टाच तुडवायचे. शेवटी मीच वैतागून म्हटलं, नाना, काहीतरी बोलत राहा, म्हणजे तरी लक्ष पायावरून उडेल. ते एक पाऊल मागे सरले. मग विचारलं, "तुना गावले नदी शे का?"

मी सांगायला लागले. नदी आहे, पण पाणी नसतं. मग त्यांनी विचारलं, पाणी नाही तर म्हशी कुठे नेता. मी म्हशींचं सांगितलं, म्हशींवरून माझ्या धाकट्या बहिणीचं निघालं. वर पोचलो तेव्हा माझ्या लक्षात आलं, आज टाच तुडवली गेली नाही. नानांना त्यांचा ब्रेक सापडला होता. घड वाहताना बोलता येत नाही. म्हणजे बोललं, की त्यांच्या खांद्यावरचा घड उतरायचा.

यावलला आल्यापासून मला माझ्या गावाबद्दल कुणी काही विचारलं नव्हतं. नाना रोज एकेका माणसाबद्दल विचारायचे. दम लागून माझा आवाज तुटला की तेही पाय आवरायचे. परीक्षेपर्यंत माझं अख्खं गाव त्यांना पाठ झालं होतं. माझी धास्तीही त्या रस्त्यावर कुठेतरी गळून पडली.

परीक्षेला बाहेरच्या मॅडम आल्या. पाहुणे म्हणून काही शाळकरी मुलं आणली होती आणि जामनेरचे एक कापडवाले शेठ. शेठ अंगाने भारी. आमच्यातला एक जण कुजबुजला, "नाना गेले आता, शेठ काही त्यांना गाठू शकणार नाहीत."

नाना निघाले. पहिल्या चढाला त्यांचा खांदा सवयीने पुढे झुकला, पाय सुटायला लागले. मी मागून बघत होते. मग ते वळले आणि म्हणाले, "शेठ, लगीनसराईमा काय जास्त खपस?"

शेठ खुलले. पैठणीपासून टॉवेलपर्यंत सगळं दुकान त्या पायवाटेवर उलगडलं गेलं. मुलं पुढे झाली तर नाना त्यांना पुढच्या खुणेच्या झाडाशी थांबायला सांगायचे, मग शेठना घेऊन तिथवर जायचे. शेवटच्या टप्प्याला मात्र शेठ दगडावर बसले. म्हणाले, तुम्ही व्हा पुढे, माझ्याने होत नाही.

माथा समोर दिसत होता. मॅडम बघत होत्या.

"बसा शेठ," नाना म्हणाले. "मी बी बसस."

आणि नाना बसले. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. नाना बसलेले आमच्यापैकी कुणीही याआधी पाहिले नव्हते. त्यांनी पाण्याची बाटली दिली, शेठच्या पहिल्या दुकानाचं विचारलं. ती गोष्ट सांगता सांगताच शेठ उठले.

माथा समोरच होता, म्हणून मॅडम आणि मुलं पुढे होऊन वर पोचली, मागोमाग आम्हीही. मॅडमनी विचारलं, "गाईड कुठवर आले?" तेवढ्यात शेठचं डोकं चढाच्या टोकाला दिसलं आणि त्यांच्या मागे, सगळ्यांच्या शेवटी, नाना. जवळच्या झाडावर काहीतरी ओरडत होतं. मॅडमनी बोट दाखवलं, हे काय?

"नाव नही येत मॅडम. पन हळू बोला, उडी जाई. पोऱ्हेस्ले दखू द्या."

मुलांनी मनसोक्त पाहून घेतलं. मॅडम पहिल्यांदा हसल्या. "पास," असं त्यांनी सरांना सांगितलेलं आम्हाला ऐकू आलं. मग टाळ्या झाल्या, शेठनी तर नानांना मिठीच मारली. दुसऱ्या दिवशी मीही पास झाले.

ओळखपत्रं मिळाली त्या दिवशी नाना यावलच्या बाजारातून मुद्दाम लांबच्या रस्त्याने गेले. आम्ही सगळे मागे. मुकादम टपरीवर होता. म्हणाला, "काय नाना, आता वाघ दाखवता का?"

"वाघनी खात्री नही," नाना म्हणाले. "नेलेला मानूस परत आनस, एवढी शे."

मुकादमाने चहा सांगितला. त्याचे पैसे त्याने नानांना देऊ दिले नाहीत.

पुढच्या वर्षी नानांच्या मुलखाकडे, धुळ्याच्या डोंगरात नवी वाट सुरू झाली. तिथे अनुभवी गाईड हवा होता. नानांना बोलावणं आलं. मी त्यांना सोडायला स्टँडवर गेले. आता इथल्या नव्या गाईडांना मलाच सांभाळायचंय, रडायला सवड नाही, असं मी स्वतःला बजावत होते.

गाडी सुटायच्या आधी कंडक्टर तिकिटं फाडत नानांपाशी आला. सवलतीच्या तिकिटासाठी त्याने वयाचा पुरावा मागितला. नानांनी आधार कार्ड न काढता गळ्यातलं ओळखपत्र पुढे केलं. त्याचा तिकिटाशी काही संबंध नव्हता. कंडक्टर हे सांगणार होता, पण त्याची नजर कार्डावर थांबली. त्याने नानांचं पूर्ण नाव मोठ्याने वाचलं, वडिलांच्या नावासकट, आणि खाली लिहिलेलं 'निसर्ग मार्गदर्शक' हेही.

मी खिडकीखाली उभी होते. शाळेत हजेरीला नाव पुकारल्यावर उठावं तसे नाना त्या भरलेल्या गाडीत उभे राहिले.